आधी मुलीचे माप घेणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

ऑगस्ट २०२४ मध्ये कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले आणि आमच्या कोल्हापूरच्या घरात रायफलचा हट्ट सुरू झाला. त्यांचा प्रकार ५० मीटरचा. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला सुरुवात करायची होती ती १० मीटर एअर रायफलने. एका दुकानदाराने तासाभरात आमच्यासमोर इतके सुटे भाग मांडले की कर्ज काढावे की काय, असे मला वाटू लागले. त्या दिवशी आपण भेटला नसतात, तर मी ते काढलेही असते.

जुनी रायफल घ्यायला आपली हरकत नव्हती. मात्र आपण सर्वांत आधी पाहिली ती हवेच्या सिलिंडरवरील तारीख. उत्पादकाने दिलेली दहा वर्षांची मुदत संपत आलेली पाहून नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करायला लावलीत. माझे लक्ष तोवर दस्त्याच्या निळ्या रंगावरच होते, हे कबूल करतो.

त्यानंतरच्या दोन संध्याकाळी मी विसरणार नाही. ट्रिगरपासून खांद्याला टेकणाऱ्या बट-प्लेटपर्यंतचे अंतर तिच्या हाताला जास्त होते, म्हणून ती मागे रेलत होती आणि मान पुढे ताणत होती. आपण बट-प्लेट पुढे घेतली, नळीवरील जादा वजने उतरवली आणि तिला डोळे मिटून गाल टेकवायला सांगितले; डोळे उघडल्यावर नजर मागच्या साईटच्या (नेम धरायच्या साधनाच्या) छिद्रात आपोआप मध्यभागी यायला हवी, ती येत नव्हती, म्हणून गालाखालची पट्टी थोडी थोडी उचलत आपण तीच कसोटी न कंटाळता पुन्हा पुन्हा घेतलीत. रायफलच्या वजनाची कमाल मर्यादा साडेपाच किलो आहे म्हणून तितके वजन मुलीच्या हाती द्यायलाच हवे असे नाही, हे आपले वाक्य मी घरी अनेकदा ऐकवतो. साठ गोळ्यांच्या सामन्यात तेच वजन साठ वेळा उचलायचे असते.

पुढच्या साईटमधील रिंग तिला बारीक हवी होती, कारण लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. रिंगेतून पाहताना लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाभोवती पांढरी कड मोकळी दिसली नाही, तर नेमबाज अचूकतेच्या शोधात घुटमळतो आणि हात थकतो, असे समजावून आपण मोठी रिंग बसवलीत. पेलेटच्या, म्हणजे एअर रायफलच्या गोळ्यांच्या, बाबतीत तर आपण कोणाच्याच शब्दावर विसंबला नाहीत. ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर व्यासाच्या पेलेटचे तिन्ही डबे आणून, रायफल शिकंज्यात घट्ट धरून, प्रत्येकातील दहा-दहा गोळ्या झाडल्या, आणि सर्वांत महाग डब्यातील गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका सर्वांत विस्कळीत निघाला! (दुकानदाराला हे मी अजून सांगितलेले नाही.)

नेमबाजीचे जॅकेट मात्र आपण घेऊ दिले नाहीत. वाढत्या वयासाठी सैल घेतले तर आधार मिळत नाही आणि मापाचे घेतले तर वर्षात लहान होते, म्हणून आपल्या नातीचे जुने जॅकेट आपण आमच्या हाती ठेवलेत. त्या उपकाराचे पैसे घ्यायलाही आपण नकार दिलात, म्हणून हे पत्र.

तिची उंची दोन सेंटिमीटरने वाढली आहे. येत्या रविवारी बट-प्लेट एक खूण मागे घ्यायला आम्ही येऊ; जॅकेटही सोबत आणतो, खांद्यात ते आता घट्ट होऊ लागले आहे.

आपला नम्र,
एका नेमबाज मुलीचा बाबा