लाकी मोजा, म्हणजे लाख मोजा

मा. संपादकसाहेब,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत एक लेख आला होता, परदेशात जाऊनसुद्धा इंडियन रेस्टॉरंट शोधत फिरणाऱ्यांची त्यात भरपूर टिंगल होती, बॅगेत मेतकूट काय, लोणच्याची बरणी काय, आणि इतका खर्च करून तिकडे जाऊन पनीर बटर मसाला काय. वाचून हसलो, खोटं कशाला बोलू, पण जरा झोंबलंसुद्धा, कारण आम्ही नुकतेच तेच करून आलोय. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, फक्त खवणीचा भाग तेवढा ठेवा.

पासपोर्ट छापतात त्या नाशिकरोडच्या प्रेसमधून मी रिटायर झालो. आयुष्यभर दुसऱ्यांचे पासपोर्ट हाताखालून गेले आणि स्वतःचा काढला तो एकसष्टाव्या वर्षी. मुलगा टांझानियात दार-ए-सलामला नोकरीला आहे, त्याने बोलावलं म्हणून मी आणि मंडळी गेलो, आणि सूनबाईच्या हौसेपायी तिथून दोन तासांची फेरीबोट पकडून झांझिबार बेटावर. परदेशी पाहुण्यांना तिथे १ ऑक्टोबर २०२४ पासून माणशी ४४ डॉलरचा विमा सक्तीचा केलाय, मला ते जरा खुपलंच, पण मुलगा म्हणाला बाबा, विम्याला इकडे काय म्हणतात माहितीये का, बिमा. तिथून जे सुरू झालं ते दोन दिवस थांबलंच नाही. गाडीला गारी, आंब्याला एम्बे, पैशाला पेसा, दुकानाला दुका, चपातीला चपाती. पाट्या वाचत चाललो की मध्येच कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं व्हायचं.

स्टोन टाऊन म्हणजे तिथलं जुनं गाव, २००० साली युनेस्कोच्या यादीत गेलेलं. गल्ल्या अशा की समोरून मोपेड आली की भिंतीला चिकटायचं. घरं समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडाची, दारं एवढाली कोरीव लाकडी आणि त्यावर पितळी खिळे, आपल्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याला आहेत त्याच जातीचे पण नाजूक. गाईड सांगतो की भारतात हत्ती धडका देऊ नयेत म्हणून खिळे ठोकायचे ती पद्धत इकडे आली, आता झांझिबारला हत्ती कुठला, पण दार श्रीमंत दिसतं ना, मग झालं.

तर संध्याकाळी सूनबाईने एक रूफटॉप इंडियन रेस्टॉरंट बघून ठेवलेलं, नाव लिहीत नाही, पुढे थोडी तक्रार आहे. मुलाने फोन करून विचारलं कधी येऊ, तर तिकडून उत्तर आलं बारा वाजता या म्हणजे सूर्यास्त दिसेल. मी म्हटलं येडा आहे का हा, रात्री बारा वाजता कसला सूर्यास्त. मग कळलं की तिथल्या स्वाहिली भाषेत तास सूर्य उगवल्यापासून मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि संध्याकाळचे सहा म्हणजे बारा. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे सूर्य वर्षभर साधारण त्याच वेळेला उगवतो आणि मावळतो, त्यामुळे त्यांचं हे गणित चुकत नाही, आपणच घड्याळ उलटं धरलेलं असतं.

जिना मात्र फार वाईट. लाकडी, उभा, काळोखा, कठड्याच्या जागी एक दोरखंड. चार मजले चढताना मंडळींनी तीनदा विचारलं, खाली नाही का मिळत काही. पण वर पोचलो आणि बोलणंच बंद. गच्ची म्हणजे अगदी आपल्या जुन्या वाड्याची असते तशी, गाद्या-तक्के टाकलेले, पितळी कंदील लोंबकळतायत, पश्चिमेला सगळा समुद्र उघडा आणि त्यात तिरक्या शिडाची दाऊ नावाची लाकडी गलबतं परत येतायत. एका बाजूला गंजलेले पत्रे आणि त्यावर वाळत टाकलेले कपडे, मधूनच चर्चची दोन टोकं वर आलेली, खाली कुठूनतरी अजान, आणि हुरुमझी गल्लीतलं हिंदू मंदिर आम्ही दुपारीच बघून आलेलो. तळणीचा वास आणि समुद्राचा वारा एकत्र. सूर्य पाण्यात गेला आणि अंधार एकदम पडला, कुणीतरी बटण दाबल्यागत.

त्याच्या आधी पाच मिनिटं पापड आला होता. मसाला पापड, चार. मी फोटो काढायला उठलो तेवढ्यात कठड्यावरच्या कावळ्याने एक अख्खा उचलला. वेटर म्हणाला सॉरी सर, इंडियन कावळे आहेत. मला वाटलं चेष्टा करतोय, पण खरंच, १८९० च्या दशकात कचरा साफ करायला हे कावळे भारतातून तिथे नेऊन सोडले होते, आता ते उपद्रव म्हणून गणले जातात. म्हणजे आपले मेतकूटवाले टुरिस्ट बरेच म्हणायचे.

आता जेवण. इथे पुरवणीच्या लेखकाशी मी निम्मा सहमत आहे, म्हणून हातचं न राखता लिहितो. मेनूकार्ड म्हणजे आपल्या हायवेच्या ढाब्याचं, लाल ग्रेव्ही, पांढरी ग्रेव्ही, हिरवी ग्रेव्ही, पिवळी डाळ. पनीर रबरासारखं. नान बरा होता. मुलगा म्हणतो दार-ए-सलामला पण हेच, दुबईला पण हेच, इंडियन म्हटलं की एवढंच. तर चिडचिड झाली, पण मंडळी हट्टाने मासा मागत होत्या, त्यांचं माहेर गुहागर, समुद्र दिसला की त्यांना मासा दिसतो. कार्डाच्या शेवटच्या पानावर, इंडियनच्या खाली नाही, वेगळ्या चौकटीत, लोकल म्हणून एक ओळ होती, समाकी वा कुपाका. निखाऱ्यावर भाजलेला मासा आणि वरून नारळाच्या घट्ट रसाचं वाटण चोपडलेलं. आली ती चक्क सुरमई, तिकडे तिला न्गुरू म्हणतात. मंडळींनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, चिंच आहे, कोकम नाही, पण हात आपल्याकडचा आहे.

कोण करतं म्हणून विचारलं तर कुक बाहेर आला, टेहरी गढवालकडचा पोरगा. पनीर त्याचं, मासा त्याचा नव्हे, तो म्हणाला वो तो मामा बनाती हैं. तिकडे आईला, मोठ्या बाईला मामाच म्हणतात. आम्हाला आत नेलं. पेंबा बेटावरची एक पन्नाशीची बाई, डोक्याला कांगा, म्हणजे तिकडचं रंगीत कापड, गुंडाळलेला, एका छोट्या घडीच्या लाकडी स्टुलावर बसलेली, स्टुलाच्या तोंडाला दाते असलेलं लोखंडी पातं, आणि त्यावर नारळाची वाटी फिरवत खाली परातीत खोबऱ्याचा बर्फ पाडत होती. मंडळी बघतच राहिल्या. खवणी! त्या बाईने विचारलं असावं येते का, कारण ती उठली आणि जागा दिली. मंडळी साडी सावरून बसल्या, एक पाय खाली, एक पाय आडवा, जसं आमच्या सासूबाई बसायच्या, आणि अर्धी वाटी खवून काढली, करवंटीचा एक काळा कण न येता. मामाने परातीत बोट फिरवून बघितलं, काळं काही सापडलं नाही, तर हसून मंडळींच्या पाठीवर थाप मारली. एक अक्षर कुणाचं कुणाला कळत नव्हतं. त्या खवणीला ते म्बुझी म्हणतात, म्हणजे बकरी, दिसते पण तशीच, मान पुढे काढून उभी असल्यासारखी.

तर सांगायचं हे, की त्या गच्चीवर सगळ्यात आपलं जे होतं ते इंडियन या मथळ्याखाली नव्हतंच. शेकडो वर्षं नोव्हेंबर ते मार्चच्या वाऱ्यावर कच्छ, सुरत, मुंबईकडून गलबतं तिथे जायची आणि उलट्या वाऱ्यावर परत यायची, त्यांच्याबरोबर चपाती गेली, भजी गेली, कचुंबर गेलं ते तिथे कचुंबारी झालं. कच्छच्या थारिया तोपन यांनी १८८७ ला पाया घातलेला दवाखाना अजून बंदरासमोर उभा आहे. सगळंच कौतुकाचं आहे असं नाही, त्या सुंदर घरांमागे लवंगांचा आणि गुलामांच्या घामाचा पैसा पण आहे, गुलामांचा बाजार १८७३ ला बंद झाला त्या जागेवर आता चर्च आहे, तिथे खाली उतरून गुलामांना कोंडायचे म्हणून दाखवतात ती कोठडी बघितली त्या दुपारी आम्हाला जेवण गेलं नव्हतं. १९६४ च्या क्रांतीनंतर बरेच भारतीय निघून गेले. जेवण राहिलं.

दुसऱ्या दिवशी खाली गल्लीत उरोजो खाल्लं, ते तर लिहिलंच पाहिजे. हळदीचा आंबट पिवळा रस्सा, त्यात भजी, उकडलेला बटाटा, वरून चटणी आणि कसावा नावाच्या कंदाचा कुरकुरीत चिवडा. मी नाशिकचा माणूस, मिसळीच्या बाबतीत कुणाला ऐकत नाही, पण दुसरी वाटी मागवली. तर्री नाही एवढाच दोष. आणि मुलगा क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचं घर दाखवत होता, तो १९४६ ला तिथे जन्मला आणि पाचगणीला शाळेत होता, त्यावर मंडळी म्हणाल्या मग त्याला पाचगणीत मिसळ मिळाली असेल का. उत्तर कुणाकडे नव्हतं.

तक्रार राहिली. बिल आलं तेव्हा वेटर म्हणाला लाकी मोजा आणि पुढे काहीतरी. मला ऐकू आलं लाख मोजा, मी पाकीट काढून मोजायलाच लागलो, सगळे हसले. लाकी म्हणजे लाखच, मोजा म्हणजे एक. १,४०,००० शिलिंग, रुपयाला साधारण ३० शिलिंग धरले तर चौघांचे साडेचार हजारांच्या वर. समुद्र धरून महाग म्हणता येणार नाही. पण कार्डावर न लिहिलेला सर्व्हिस चार्ज, पाण्याच्या बाटलीचे वेगळे, आणि पापड चार लावलेले. मी म्हटलं तीनच खाल्ले, एक कावळ्याने नेला. मॅनेजर म्हणाला कावळा तुमच्याकडचाच आहे सर. पैसे दिले, काय करता.

तेव्हा साहेब, पुरवणीत असे लेख जरूर छापा, पण त्या लेखकाला सांगा की खाणाऱ्याची टिंगल झाली की एकदा मेनूकार्डाची पण करा, आणि परदेशात जाणाऱ्या आमच्यासारख्यांना शेवटचं पान वाचायला सांगा. नक्की किती बिल झालं आणि जिना कसा आहे या दोन गोष्टी छापल्यात तर म्हातारी माणसं दुवा देतील.

आपला,
एक जुना वाचक, जेलरोड, नाशिकरोड

ता.क. म्बुझी आम्ही दाराजानी बाजारातून विकत आणली. पातं असल्यामुळे केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्ये टाकावी लागते, आणि त्यासाठी दोन किलो मेतकूट-लोणचं मुलाकडे काढून ठेवावं लागलं.