संगणक कक्षात मुलांना आज्ञावली लिहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलीच्या शाळेत संगणकाच्या तासाला टंकलेखन, चित्र रंगवणे आणि सादरीकरण शिकवतात. संगणकाला स्वतः काम सांगायला, म्हणजे आज्ञावली (प्रोग्राम) लिहायला मात्र शिकवत नाहीत. याची मला मनापासून खंत वाटते.

१९८९ साली मी नववीत असताना पुण्याच्या मामांनी त्यांचा स्पेक्ट्रम उन्हाळ्याच्या सुटीपुरता भुसावळला आमच्या घरी ठेवला होता. ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा हा १९८२ सालचा संगणक होता. त्याची स्मृती ४८ किलोबाइट, कळा रबरी, पडदा म्हणजे घरचाच ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणि साठवण कॅसेटवर. चालू केला की तो बेसिक भाषेतील आज्ञेची वाट पाहत थांबे आणि ओळीच्या आरंभी ‘पी’ दाबला की ‘प्रिंट’ हा अख्खा शब्द उमटे. ओळींना १०, २०, ३० असे क्रमांक द्यायचे, म्हणजे मागाहून सुचलेली ओळ १५ म्हणून मध्ये बसवता येते, हे मामांनीच दाखवले होते.

केळीचे वजन आणि भाव विचारून रक्कम सांगणारी आज्ञावली मी लिहिली. वजन किलोत घेतले, भाव क्विंटलचा होता आणि १०० ने भागायचे राहून गेले. आकडा पाहून आप्पा म्हणाले, “अरे, एवढ्यात तर शेत येईल!” यंत्राने मी सांगितले तेच केले होते, चूक माझी होती आणि ती मलाच शोधायची होती. ती सापडली त्याच दुपारी लाइट गेली आणि सगळे पुसले गेले. त्यानंतर मी आधी वहीत लिहू लागलो आणि दर थोड्या ओळींनी कॅसेटवर साठवू लागलो. परत भरताना टेपरेकॉर्डरचा तो कर्कश आवाज, टीव्हीच्या कडेने धावणारे पट्टे आणि कधी अगदी शेवटी येणारा ‘टेप लोडिंग एरर’ हे सारे अजून आठवते. मग टेपचा आवाज किंचित कमी-जास्त करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

आजच्या संगणकांवर पायथन ही आज्ञावली लिहिण्याची भाषा विनामूल्य चालते, त्यासाठी नवी खरेदी लागत नाही. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील शाळांनी आठवड्यातून एक तास मुलांना त्यांच्या घरचा, शेतातला किंवा दुकानातला हिशेब आज्ञावलीत मांडू द्यावा आणि त्या तासाला गुण ठेवू नयेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, भुसावळ