केव्ह हिलहून आई-बाबांना

केव्ह हिल, बार्बाडोस

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी बाबांनी विचारलं, "नकाशात टिंबाएवढं बेट, तिथल्या विद्यापीठात किती दिवस काढणार?" फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहिते आहे. मी इथला करार वाढवून घेतलाय, आणि मनापासून घेतलाय.

बाबा, हे विद्यापीठ एकट्या बार्बाडोसचं नाही. जमैका, त्रिनिदाद, सेंट लुसिया, ग्रेनेडा, अँटिग्वा... इंग्रजी बोलणाऱ्या बहुतेक बेटांचं मिळून हे एक 'युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट इंडीज'. १९४८ मध्ये जमैकात मोना इथे, उसाच्या जुन्या मळ्याच्या जागेवर, वैद्यकीच्या ३३ विद्यार्थ्यांनिशी सुरू झालं. पदवी तेव्हा लंडन विद्यापीठाची मिळायची. सेंट व्हिन्सेंटची लोकसंख्या आपल्या बार्शी शहराएवढीसुद्धा नाही. अशा देशानं मेडिकल कॉलेज, लॉ कॉलेज एकट्यानं कसं चालवायचं? म्हणून वाटून घेतलं. डॉक्टरकीला मोना, इंजिनिअरिंगला त्रिनिदादचं सेंट ऑगस्टिन, कायद्याला आमचं केव्ह हिल. पुढे विषय इकडेतिकडे पसरले, पण माझ्या संख्याशास्त्राच्या वर्गात आजही चार-पाच देशांची मुलं शेजारी शेजारी बसतात. जमैका इथून मुंबई-दिल्लीपेक्षाही लांब आहे.

तुम्ही आपल्या क्रिकेट कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरची गोष्ट सांगायचात ना? मार्च १९६२. वेस्ट इंडीजचा वेगवान गोलंदाज ग्रिफिथचा चेंडू त्याच्या डोक्याला लागला तो इथेच, केन्सिंग्टन ओव्हलवर. बोर्डे, नाडकर्णी, उम्रीगर यांच्याबरोबर वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेलनंही रक्त दिलं. तो वॉरेल पुढे याच विद्यापीठात मोनाच्या आयर्विन हॉल या वसतिगृहाचा वॉर्डन झाला, हे तुम्हाला माहीत होतं? ४२ व्या वर्षी ल्युकेमियानं गेला. त्याची समाधी आमच्या कॅम्पसवर आहे, थ्री डब्ल्यूज ओव्हल मैदानाशी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तुमच्या वतीनं नमस्कार केला.

त्याच १९६२ च्या मे महिन्यात या बेटांचं संघराज्य मोडलं. जेमतेम चार वर्षांचं होतं. जमैकानं सार्वमत घेऊन अंग काढलं, मग त्रिनिदादनं. विद्यापीठाचे प्रमुख तेव्हा आर्थर लुईस, सेंट लुसियाचे, पुढे १९७९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते. उरलेल्या बेटांचं तरी संघराज्य टिकावं म्हणून ते एकेका बेटाच्या नेत्याला भेटत फिरले. नाही जमलं. झेंडे, पासपोर्ट वेगळे झाले, पण विद्यापीठ कुणी मोडलं नाही. उलट त्याच १९६२ मध्ये ते लंडनपासून स्वतंत्र झालं आणि स्वतःच्या पदव्या देऊ लागलं. एकत्र राहिलं ते हे आणि तुमची क्रिकेटची टीम. विद्यापीठातून गयाना तेवढा बाहेर पडला. सरकारांचा वाटा थकतो, कुरबुरी होतात, तरी चाललंय. मला याचं फार मोल वाटतं.

आई, तुझ्या कामाचं एक सांगते. अंगणवाडीत सॅमचं, म्हणजे अतितीव्र कुपोषित, बाळ आलं की एकदम भरपूर खायला घालायचं नाही, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, हे तू मदतनीस बाईंना शिकवायचीस. जॉन वॉटरलो नावाच्या डॉक्टरनं १९५० च्या दशकात मोनाला कुपोषित मुलांवर संशोधनाचा विभाग काढला. तिथल्या कामाचा जागतिक आरोग्य संघटनेच्या उपचारपद्धतीला मोठा आधार झाला.

आणि ज्वालामुखी. सेंट व्हिन्सेंटचा ला सूफ्रिएर २०२० च्या डिसेंबरात जागा झाला. त्याच्यावर नजर ठेवणारं केंद्र त्या देशाचं नाही, आमच्या विद्यापीठाचं; सेंट ऑगस्टिनला आहे. तिथले शास्त्रज्ञ जाऊन महिनोनमहिने बसले. त्यांच्या सांगण्यावरून ८ एप्रिल २०२१ ला उत्तरेकडची गावं खाली करायचा हुकूम निघाला, दुसऱ्या दिवशी सकाळी स्फोट झाला. स्फोटानं एकही माणूस दगावलं नाही. १९०२ मध्ये याच डोंगरानं सोळाशेच्या आसपास माणसं नेली होती. मी तेव्हा इथे नव्हते, पण सहकारी सांगतात, राखेनं बार्बाडोसलाही भरदिवसा अंधारलं होतं. एका छोट्या देशाला अशी यंत्रणा एकट्यानं परवडणारी नाही. बाबा, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. मी शिकवते ती मुलं उद्या असल्या केंद्रात, इस्पितळात, आपापल्या छोट्या सरकारांत आकडे बघत बसणार आहेत. त्यांना ते नीट वाचता यायला हवेत.

जेवणाची काळजी नको, डाळ-तांदूळ मिळतात. गोडा मसाला मात्र संपत आलाय.

फेब्रुवारीत या. लंडनहून थेट विमान आहे. बाबांच्या गुडघ्यासाठी व्हीलचेअर आधीच सांगून ठेवीन. दोघांच्या पासपोर्टची मुदत बघून मला कळवा, म्हणजे तिकिटं काढते.

तुमची लेक