देव बरें करूं

म्हार्दोळ, गोवा
१४ जुलै

प्रिय संज्या,

परवा फोनवर "चिऊ काय म्हणते?" असं तू विचारलंस आणि "मजेत" म्हणून मी मोकळा झालो. बस वेर्ण्याला पोचत आली होती. पण चिऊ सध्या जे म्हणते ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. बाहेर पाऊस कोसळतोय, दोघी मच्छरदाणीत झोपल्यात, म्हणून लिहायला बसलो.

आपण दिवेलागणीला काय म्हणायचो आठव. शुभंकरोति, मग "घरातली इडापिडा बाहेर जावो, बाहेरची लक्ष्मी घरात येवो." मध्ये आई महिनाभर इथे होती, तेव्हा तिने चिऊला ते शिकवायला घेतलं. अडीच वर्षांची पोर, "कलोति कल्यानम" एवढंच तोंडात बसलं. पुढचं तिने घरमालकिणीकडून उचललं. त्यांना आम्ही माय म्हणतो. पोदेर पाव देऊन गेला, कुणी गॅसचा सिलिंडर आत ठेवून दिला, की मायच्या तोंडी एकच, "देव बरें करूं." कोकणीत आभार असेच मानतात, देव तुझं भलं करो. सहा वर्षं इथे राहून मी ते नुसतं 'थँक्यू' समजत होतो. चिऊला ती प्रार्थना वाटली, आणि तिचंच बरोबर आहे.

आता रोज रात्री ती हात जोडते. डावा अंगठा बाहेर राहतो, बोटं एकमेकांत अडकतात, डोळे इतके घट्ट मिटते की नाकावर सुरकुत्या पडतात. "कलोति कल्यानम." मग यादी. पोदेराला देव बरें करूं. पंख्याला. मायच्या मांजराला. नळाला (पाइप फुटून दोन दिवस पाणी नव्हतं, तेव्हापासून नळ यादीत आहे). गुडघ्यावरच्या पट्टीला. मध्ये एखादं नाव मी गाळलं तर सगळं पहिल्यापासून.

संज्या, या यादीत मागणं एकही नाही रे. मी मंगेशीला गेलो की गाऱ्हाणं घालणार, म्हाळसेपुढे उभा राहिलो की गाऱ्हाणंच. मिळालं ते सांगायला म्हणून मी देवळाची पायरी कधी चढलो नाही.

एप्रिलमध्ये माझी बढती हुकली, माझ्यामागून लागलेल्या मुलाला मिळाली, हे तुला माहीत आहे. त्या आठवड्यात मी घरात कुणाशी धड बोलत नव्हतो. तशातच एका रात्री चिऊ यादीत मध्येच थांबली आणि म्हणाली, "बाबाच्या बसला देव बरें करूं." बस म्हणजे कंपनीची. संध्याकाळी ती गेटाशी उभी असते, बस वळते आणि बाबा उतरतो. तिच्या लेखी बाबाला रोज बसच आणून देते. मी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी उतरताना मी ड्रायव्हरला म्हटलं, "देव बरें करूं." त्याने मान वळवून पाहिलं. "फाल्यां येना व्हय?" मी नोकरी सोडून चाललोय असं त्याला वाटलं. सहा पावसाळे या माणसाने मला धड घरी आणून सोडलं, आणि माझ्या तोंडचे आभार त्याला निरोपासारखे वाटले. ती गोष्ट अजून सलते.

बढतीचं दुःख गेलं असं मात्र नाही. ते आहेच.

इथे म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा होते. इथले फुलकार जाई विकून घर चालवतात, आणि त्या दिवशी तीच फुलं देवीला वाहतात. देवी मूळची वेर्ण्याची, १६व्या शतकात पोर्तुगीजांच्या धाकाने तिला इथे आणलं. म्हणजे मी रोज संध्याकाळी वेर्ण्याहून म्हार्दोळला येतो तो तिच्याच मागून. यंदा त्या पूजेला आम्ही तिघंही जाणार आहोत. चिऊ आतापासून मायच्या परसातल्या कळ्या मोजते, तीनपर्यंत, मग पुन्हा एकपासून.

काकूंना नमस्कार सांग. आणि हो, तू पाठवलेल्या कंदी पेढ्यांमुळे "सातालचा काका" यादीत आला आहे, पोदेर आणि पंख्याच्या मध्ये. डबा संपून तीन आठवडे झाले, पण तुझं नाव काही तिने काढलेलं नाही.

तुझा,
अन्या