भाषा प्रशिक्षण वर्गापर्यंत पोहोचावे

पहिली ते तिसरीच्या शिक्षकांची भाषा प्रशिक्षणे बहुतेक वेळा सभागृहात पडद्यावर स्लाइड दाखवून उरकली जातात. लहान मुलांना वाचन व गणिताची मूलभूत कौशल्ये यावीत यासाठी केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झाले. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, हे त्यातले उद्दिष्ट. पण मूल नेमके कुठे अडते, हे ओळखायचा सराव शिक्षकाला कोण देणार?

खानदेशात अनेक घरांत अहिराणी, भिली, पावरी बोलतात. 'माझा' छापलेले असताना मूल 'मना' वाचते, तेव्हा त्याला अर्थ कळलेला असतो. तिथे मध्येच टोकू नये. वाक्य संपल्यावर शब्दावर बोट ठेवून पुन्हा वाचायला सांगावे. 'सूर्य'चा 'सूरय' झाला तर मात्र रफार कच्चा आहे. दोन्हींवर सारखीच फुली मारली की मूल वाचायलाच बिचकते.

केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत (शिक्षकांच्या बैठकीत) एका मुलाच्या मिनिटभर वाचनाचे मोबाइलवरील ध्वनिमुद्रण सर्वांनी ऐकावे, चुकांची वर्गवारी करावी, पुढच्या परिषदेत त्याच मुलाचे वाचन पुन्हा ऐकावे. मधल्या काळात या गटाच्या केंद्रप्रमुखांनी एक पूर्ण तासिका वर्गात बसून पाहावी आणि शिक्षकाशी त्याच दिवशी बोलावे.

– प्राथमिक शिक्षक, शहादा (जि. नंदुरबार)