तोच फिल्टर पुन्हा पाठवू नका

दिनांक : १९ जानेवारी २०२६

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : दुर्बिणीसोबत दिलेला, आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) लावायचा सूर्य-फिल्टर तडकणे आणि बदली म्हणून पुन्हा तोच फिल्टर मिळणे.

महोदय,

शनिवारी तुमचं कुरिअर मिळालं. तीच काळी डबी, डबीत तोच दहा रुपयांच्या नाण्याएवढा काळपट काचेचा फिल्टर, आणि सोबत ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असं छापलेलं कार्ड. म्हणजे माझी तक्रार तुमच्यापर्यंत पोहोचली, पण कुणी वाचली नाही. म्हणून आता सविस्तर लिहितो.

मी तालुक्याच्या गावी शाळेत विज्ञान शिकवतो. ७६ मिमी आरशाची, ७०० मिमी नाभीय अंतराची तुमची दुर्बीण आमच्या विज्ञान मंडळाने दोन वर्षं रद्दी विकून जमवलेल्या पैशांतून घेतली. गुरू, शनी रात्री दिसतात आणि मुलं शाळेत दिवसा असतात. त्यामुळे खोक्यावरचं ‘सूर्यावरचे डाग पाहा’ हे वाक्य वाचूनच आम्ही तुमची निवड केली. मे २०२४ मध्ये सूर्यावर एवढा मोठा डागांचा समूह आला होता की तो ग्रहणाच्या चष्म्यातूनही दिसत होता. तेव्हापासून मुलं मागे लागली होती.

९ डिसेंबरला मैदानात दुर्बीण लावली, फिल्टर आयपीसच्या खालच्या आट्यात फिरवून बसवला. सातवीची मुलं रांगेत. रांगेतली नववी की दहावी मुलगी पाहत असताना खिचडीची घंटा झाली. त्या घंटेपुढे आमच्याकडे सूर्याचंही काही चालत नाही, रांग पांगली. मिनिटही झालं नसेल, सुपारी फोडल्यासारखा ‘टक्’ आवाज आला. मी हातातली वही आयपीससमोर धरली, तर पानावर लख्ख पांढरी रेघ उमटली. फिल्टर मधोमध तडकला होता. वही धरली होती त्या जागी थोड्या वेळापूर्वी एका बारा वर्षांच्या मुलीचा डोळा होता. ही ‘गैरसोय’ नव्हे.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं, ‘‘पीस डिफेक्टिव्ह असेल सर, रिप्लेसमेंट देतो.’’ माझा सगळा आक्षेप इथेच आहे. पीस डिफेक्टिव्ह नव्हता. कितीही चांगली काच घातली तरी सूर्य-फिल्टरची ही जागाच चुकीची आहे. ७६ मिमीच्या आरशावर पडलेलं ऊन आयपीसपाशी एकवटतं. आरशातली घट धरूनही तीन-साडेतीन वॅट उष्णता. ७०० मिमी नाभीय अंतराला सूर्याची प्रतिमा साधारण साडेसहा मिमीची, म्हणजे वाटाण्याएवढी होते. फिल्टर त्याच्या अगदी जवळ बसतो आणि जवळजवळ सगळी उष्णता स्वतःत शोषतो. काच मध्यावर तापते, कडेला त्या मानाने गार राहते, आणि या ताणाने कधीतरी तडकते. आधी इशारा मिळत नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे मूल ‘आई गं’ म्हणून मागेही सरकत नाही. दृष्टीत डाग पडल्याचं काही तासांनी कळतं.

मग प्रतिनिधी म्हणाले, समोरच्या टोपणातलं फक्त छोटं झाकण उघडायचं असतं. पहिली गोष्ट, तुमच्या माहितीपत्रकात सूर्याबद्दल चार ओळी आहेत, त्यांत हे कुठेही नाही. दुसरी, मी ते भोक पट्टीने मोजलं. ३८ मिमी भरलं. म्हणजे ऊन चौथा हिस्सा झालं, पण फिल्टर आहे तिथेच राहिला. चटका हळू बसेल, इतकंच. ‘‘पाच-पाच मिनिटंच पाहा’’ या सल्ल्याबद्दल तर काय बोलावं! आमचा फिल्टर तडकला तेव्हा घड्याळ पाहून तडकला नाही.

संकेतस्थळावर या फिल्टरपुढे ‘आयएसओ १२३१२-२ प्रमाणित’ असंही लिहिलं आहे. ते मानक नुसत्या डोळ्यांनी सूर्य पाहायच्या चष्म्यांसाठी आहे. दुर्बिणीत किंवा दुर्बिणीमागे लावायच्या काचेशी त्याचा संबंध नाही. ग्रहणाचा चष्मा घालून साध्या दुर्बिणीत पाहणारेही असतात, आणि तुमची ही ओळ वाचून त्यांना त्यात काही गैर वाटणार नाही.

चूक माझीही आहे. काजळी धरलेल्या काचेतून आणि एक्स-रेच्या फिल्ममधून ग्रहण पाहू नका, हे मी दरवेळी वर्गात सांगतो आणि खोक्यातून निघालेल्या काचेवर मात्र विश्वास ठेवतो. ब्रँडचं नाव छापलेलं होतं, म्हणून.

आता आमच्याकडे फिल्टर आहे तो नळीच्या तोंडाला, आरशाच्याही आधी. बाडर कंपनीची अॅस्ट्रोसोलर फिल्म मागवली, घनता ५ ची, म्हणजे लाखातला एक भाग प्रकाश आत सोडणारी. (३.८ घनतेचीही मिळते, पण ती फक्त फोटोसाठी, डोळ्यांसाठी नाही. हे विकणाऱ्याने सांगायला हवं, म्हणून इथे लिहितो.) मुलांनी पुठ्ठ्याची चौकट केली, ती नळीवर घट्ट बसवून चिकटपट्टीने चारी बाजूंनी बांधली, वाऱ्याने उडू नये म्हणून. दरवेळी लावण्यापूर्वी फिल्म बल्बसमोर धरून टाचणीएवढं भोक पडलंय का ते बघतो. फिल्मला सुरकुत्या आहेत, पण त्याने बिघडत नाही. वर बसवलेली छोटी शोधक दुर्बीण काढूनच ठेवली, कारण तिच्यातूनही डोळा जाऊ शकतो. नेम नळीच्या सावलीने धरतो : सावली सगळ्यात आखूड झाली की सूर्य समोर. या महिन्यात आम्ही डाग मोजले. खर्च तुमच्या दुर्बिणीच्या किमतीच्या मानाने किरकोळ आला. तुम्हाला तो परवडणार नाही असं मला वाटत नाही.

म्हणून माझं मागणं बदली काचेचं नाही. हा फिल्टर खोक्यात घालणं थांबवा. ज्यांना आधी विकला आहे, त्या सगळ्यांचे फोन नंबर तुमच्याकडे आहेत. ऑफरचे मेसेज न चुकता येतात, तसाच ‘तो फिल्टर वापरू नका’ असा एक मेसेज पाठवा. त्याच्या जागी नळीच्या तोंडाला बसणारा फिल्टर द्या, नाहीतर खोक्यावरून सूर्याचं वाक्य काढा. २ ऑगस्ट २०२७ च्या संध्याकाळी महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण आहे. पावसाळा असल्याने ढग किती साथ देतील सांगता येत नाही, पण दुर्बिणी त्याआधी खपतील हे नक्की.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवीन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार धोकादायक माल बाजारातून परत मागवण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण देऊ शकतं. त्यांनाही या पत्राची प्रत आणि फोटो जातील. तडकलेला फिल्टर माझ्या टेबलाच्या खणात कुलपात आहे. तो पुरावा असल्याने पाठवत नाही. नवा मात्र या पत्रासोबत परत करतो आहे.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, सातारा जिल्हा

ता. क. : सोबतचा हिरवा चंद्र-फिल्टर चांगला आहे, आम्ही वापरतो. पण दोन्ही फिल्टर एकसारख्या काळ्या डब्यांत येतात आणि डबीवर काहीच लिहिलेलं नसतं. घाईत मुलाने हिरवा फिल्टर सूर्याला लावला तर काच तडकायचीही वाट पाहावी लागणार नाही.