मूर्तीमागचं कापड

सातारा,
रविवार रात्र

प्रिय मित्रा,

पेणहून पाठवलेले बारा फोटो मिळाले. मूर्तींचे डोळे बघून कॉम्प्युटरसमोरच हात जोडले गेले. डोळ्यांची आखणी अजून तूच करतोस ना? पण कॅटलॉगसाठी कॉम्प्युटरवर फोटोतून मूर्ती कापून वेगळ्या करायला बसलो आणि पहिल्याच फोटोत रात्र गेली. तेव्हा आधी सांगतो, ते मागचं हिरवं कापड काढ.

सिनेमावाले हिरवं लावतात हे खरं आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर दर 4 ठिपक्यांतले 2 हिरवा उजेड टिपतात, त्यामुळे तो रंग स्वच्छ येतो. पण तुझ्या मूर्तीवर सोनेरी मुकुट, वरून वॉर्निशची चमक. फोटो मोठा करून बघ: सोंडेची पोटाकडची कड शेवाळ धरल्यासारखी दिसते. कापडावरचा उजेड उलटून तिथे पडलाय. ती झाक काढायला जावं तर पितांबरही फिका पडतो, कारण पडद्यावरचा पिवळा लाल आणि हिरव्यातूनच बनतो. तू एवढ्या निगुतीने आणलेला रंग पुसायला माझा हात धजत नाही रे.

रंगवलेल्या मूर्तीमागे राखाडी कापड लाव, बिनचमकीचं, इस्त्री केलेलं. राखाडीची झाक पडली तरी रंग बिघडत नाही. फक्त ते मूर्तीच्या अंगापेक्षा चांगलं गडद हवं. जेपीईजी फोटोत उजेडाचे बारकावे टिकतात, रंगाचे बरेचदा पाव हिश्श्यावर येतात. म्हणून नुसत्या रंगाच्या फरकावर कड नीट सुटत नाही. फोटो मोबाइलवरच ब्लॅक अँड व्हाइट करून बघ. तरीही कड ठळक दिसली की कापड जमलं. शाडूची न रंगवलेली मूर्ती मात्र राखाडीत बुडेल, तिला गडद निळं घे.

पांढरी चादर नकोच. तिच्यावर उजेड जास्त झाला की तो कडा खातो. हातातला मोदक आणि जानव्याचा दोरा असाच गेलाय तुझ्या सातव्या फोटोत.

आणि मूर्ती कापडाला टेकवू नकोस. मला माहीत आहे, आता कारखान्यात पाय ठेवायला जागा नसेल. तरी पाट ओढून 4-5 फूट पुढे घे. झाकही कमी होते, सावलीही कापडावर पडत नाही. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड बंद ठेव, तो बोटांमधल्या फटी बुजवतो. व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर वाटेत दाबून लहान केला जातो.

सगळ्या पुन्हा काढू नकोस. ती सिंहासनावरची, उजव्या सोंडेची, तेवढी एकच आधी काढून पाठव. ती मी कापून बघतो, मग बाकीच्यांचं ठरवू. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच